बसलेला माणूस

हिवाळ्याचं चित्र म्हणून पोरांकडून कापसाचा बर्फाचा माणूस करून घ्या, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. सोलापुरात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर, तोही उन्हाळ्यात. मी त्यांचं ऐकलं नाही. भवानी पेठेतल्या शिंप्याकडून पिशवीभर चिंध्या आणल्या, पहिलीच्या माझ्या वर्गात प्रत्येकाला पुठ्ठ्याचा एकेक माणूस कापून दिला आणि म्हटलं, याला थंडीचे कपडे चिकटवा.

पोरांना नुसता ऊत आला. शिवूनं तर माणसाचं नाकसुद्धा मफलरमध्ये गुंडाळलं. सगळी माणसं भिंतीवर ओळीनं उभी लावायची होती, आणि दानेश्वरीनं आपला माणूस गुडघ्यात दुमडून बसवला होता. मी तो सरळ केला की ती पुन्हा दुमडायची. शेवटी मी आवाज चढवला.

"आमचे अप्पा बसलेत की, बाई," ती म्हणाली.

माझा राग कुठल्या कुठं गेला. दिवाळीनंतर तिचे वडील, रेवणप्पा, वारले होते. त्यांच्या लिंगायत घरात माणसाला बसवूनच माती देतात. मंद्रूपच्या शेतात वडिलांना तसं बसवलेलं तिनं पाहिलं होतं. मी डिंकाची बाटली तिच्याकडं सरकवली.

ती एकावर एक कपडे चिकटवत राहिली. बंडी, स्वेटर, वर शाल, त्यावर आणखी एक शाल. माणसाचं पार गाठोडं झालं. आता पुरे म्हटलं, तर मान वर न करता बोलली, "अप्पांनी स्वेटर मागितलं होतं. मी खेळत होते. आनलं तवर ते गार पडले होते."

एवढीशी पोर हे मनात घेऊन रोज शाळेत येत होती, आणि मी तिला अक्षर नीट काढत नाहीस म्हणून रागवत होते. तिला जवळ घेऊन सांगितलं, की अप्पा थंडीनं नाही गेले, त्यांचं हृदय बंद पडलं. स्वेटर लगेच आणलं असतं तरी ते गेलेच असते. तिनं सगळं ऐकून घेतलं. बाई सांगतात म्हणून पोरं हलवतात तशी मान हलवली.

"पर त्यांना थंडी वाजत होती की," ती म्हणाली आणि पुढची चिंधी उचलली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. वर्ग खिचडीकडं पळाला. दानेश्वरी चिकटवतच राहिली. मी तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि तिला चिंध्या कापून देऊ लागले.