जिलानीने न घेतलेलं समन्स

लातूरच्या मोंढ्यामागे जिलानीचं गाद्या भरायचं भाड्याचं दुकान होतं. भूकंपात त्याच्या भिंतीला चीरसुद्धा गेली नाही. पण पुढे शहरात कोचिंग क्लासचं असं पेव फुटलं, की पोरांच्या होस्टेलांसाठी गल्लीतली जुनी दुकानं एकामागून एक पडू लागली. होस्टेलच्या गाद्या भरून जिलानीचं पोट चालायचं आणि त्याच होस्टेलच्या धास्तीने त्याची झोप उडायची.

म्हणून कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आला, तेव्हा जिलानीने हात मागे बांधले. कागद घेतला तरच दावा लागतो, एवढंच सबंध गल्लीचं कायद्याचं ज्ञान! बेलीफाने कागद दाराला डकवला. जिलानीने पाणी मारून, चाकूने खरवडून तो काढला. वाचला? छे! वाचला तर घेतल्यासारखंच झालं की.

दोन महिन्यांनी शेजारचा बसवंत कोर्टातून खबर घेऊन आला. "आरं, तू गेला न्हाईस म्हणून दावा तुझ्याविना चालणार हाय. एकतर्फी!"

जिलानी मटकन खाली बसला. त्याची बायको रजिया मात्र खमकी. "उठा. वकील न्हाई तर न्हाई. तोंड हाय न्हवं आपल्याला?"

कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणारा म्हणाला, "आजारी होतो असं लिहू. सगळे तेच लिहितात."

"आजारी न्हवतो. भ्यालो होतो. तेच लिवा."

पुकारा झाला. रजिया गर्दीमुळे व्हरांड्यातच थांबली. न्यायाधीशबाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि समोरच्या वकिलांना विचारलं, "एकतर्फीचा हुकूम रद्द करायला हरकत?"

"नाही मॅडम. आमचं यांच्याशी भांडणच नाही."

बाई जिलानीकडे वळल्या. "दावा वाचलात?"

"न्हाई, मॅडम."

"तुमच्या घरमालकांच्या भावाने वाटणी मागितली आहे. तुम्ही भाडेकरू, म्हणून तुमचं नाव घातलंय. दुकान खाली करा असं यात कुठेच नाही. हुकूम रद्द करते. प्रत घ्या, घरी नीट वाचा आणि पुढच्या तारखेला तुमचं म्हणणं लेखी द्या."

जिलानीने दोन्ही हातांनी प्रत घेतली. छातीवरचा धोंडा उतरला होता. प्रत घट्ट धरून तो बाहेर आला. त्याचे डोळे भरलेले पाहून रजिया पुढे धावली.

"काय झालं? गेलं का आपलं दुकान?"

"न्हाई गं," जिलानी रडता रडता हसायला लागला. "कुणी मागितलंच न्हवतं."