बसऱ्याची बातमी माझ्या अंगावर

मी एक जुना वार्ताफलक आहे, मित्रांनो. सोनाळ्याहून खाली पूर्णा नदीच्या अंगाला उतरत गेलं की आमचं गाव लागतं. तिथं एसटीच्या थांब्याजवळ, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. तुळशीराम सुतारानं सागवानी फळ्या सांधून मला घडवलं, काळा रंग दिला आणि माझ्या कपाळावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'आजची बातमी'. ती अक्षरं मी दागिन्यासारखी मिरवली.

एक काळ असा होता की माझ्यासमोर उभं राहिल्याशिवाय गावाचा दिवस सुरू होत नसे. कापसाचा भाव, टँकर येणार की नाही, कुणाचं लग्न, कुणाच्या घरी मयत, सारं माझ्यावर लिहिलं जाई. टँकरची बातमी सगळ्यात आधी वाचली जाई, कारण आमच्याकडचं पाणी खारं. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की जीभ आखडते. कितीतरी घरांतली माणसं किडनीच्या दुखण्यानं गेली. गावातल्या सुभद्राबाईचे मालक अर्जुनराव असेच गेले. ती बातमीही माझ्यावरच लिहिली गेली होती.

पुढं घराघरांत मोबाइल आले आणि माझ्याकडं कुणी पाहीना. निवडणुकीची पत्रकं माझ्या तोंडावर चिकटवली गेली. पावसानं ती कुजली, खाली लोंबली. मोबाइलचं दुकान चालवणारा गजेंद्र तेवढा कधीमधी येऊन मला पुसायचा आणि हौसेनं दोन ओळी लिहायचा. त्याचं अक्षर वळणदार होतं. म्हणून त्यानं लिहिलेलं लोकांना खरंच वाटायचं.

तर मित्रांनो, त्या वर्षी दसरा तोंडावर आला होता. सुभद्राबाईचा एकुलता एक मुलगा सागर तेव्हा इराक देशात, बसरा नावाच्या शहरात कूलर आणि एसी दुरुस्तीचं काम करत होता. त्याचा रोज फोन यायचा. अचानक तो बंद झाला. टीव्हीवर दिसलं की तिथली तरणी पोरं रस्त्यावर उतरली आहेत, गोळीबार झाला आहे आणि सरकारनं इंटरनेट तोडलं आहे.

माझ्यासमोर पुन्हा गर्दी जमू लागली. पण या गर्दीचा मला आनंद झाला नाही. प्रत्येकाजवळ मत होतं, माहिती कुणाजवळच नव्हती.

महादेवराव मोठे शेतकरी. त्यांचा शब्द गावात चाले. ते म्हणाले, "त्या अरब लोकाईच्या जमिनीत तेल हाय. बसून खातात. तरीबी त्याहीले दंगाच पाह्यजे."

"तिथं दांडकंच लागते, भाऊ," दुसरा कुणीतरी म्हणाला. "मतदान-बितदान त्याहीले काय समजते?"

सुभद्राबाई गर्दीच्या मागं, सोयाबीन सोंगून आलेली, विळा हातात धरून उभी होती. तिनं हळूच विचारलं, "पण ते पोट्टे रस्त्यावर काऊन आले असतीन?"

तिचं कुणी ऐकलं नाही. माझ्याखेरीज.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्र घाईघाईनं आला. त्यानं मला पुसलं आणि मोबाइलमध्ये पाहून लिहिलं, 'बसऱ्यात भारतीय कामगारांच्या खोल्या जाळल्या. अनेक ठार.' खडू माझ्या अंगावर करकरला. मी लाकडाचा. मला हात असता तर मी त्याचं मनगट धरलं असतं.

सुभद्राबाई शेतात निघाली होती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती वाचायला शिकली होती, म्हणून एकेक अक्षर जोडत वाचायची. 'बसऱ्यात' हा शब्द तिनं बोट लावून वाचला. 'जाळल्या' या शब्दावर तिचं बोट थांबलं आणि ती तिथंच मटकन खाली बसली. कुणी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही.

"गजेंद्र, हे तुले कोणं सांगतलं?"

"काकू, फोनवर आलं."

"कोणाच्या फोनवरून?"

"ग्रुपवर आलं, काकू. तिथं कोणी पाठवलं ते..." गजेंद्र अडखळला.

"तं मंग तू कोणाले विचारलं?"

गजेंद्रनं झटकन फडकं उचललं. सुभद्राबाईनं त्याचा हात अडवला.

"आता पुसू नको. माह्या काळजावरचं तं पुसल्या जात नाही. आधी खरं काय ते पाहून ये. खोटं असंन तं तुह्याच हातानं पुसजो."

गजेंद्रनं दुकानाचं शटर ओढलं. सागरला पाठवणाऱ्या अकोल्याच्या एजंटला त्यानं फोन लावला, तो उचलेना. सरकारी मदत क्रमांक लागेना. सोनाळ्याला एकाचा भाऊ आखातात होता, त्याच्याकडं तो गाडी घेऊन गेला. त्यालाही काही ठाऊक नव्हतं. इकडं ती ओळ माझ्या अंगावर तशीच होती. येणारा-जाणारा ती वाचायचा, मान हलवायचा आणि सुभद्राबाईच्या घराकडं पाहून आवाज बारीक करायचा. दसऱ्याला लोक सोनं वाटत फिरले, पण सुभद्राबाईच्या दारात जायचं कसं, हे कुणाला सुचेना. मित्रांनो, माणूस जिवंत असताना त्याच्या घरावर सुतकाची कळा आली, ती माझ्या अंगावरच्या एका ओळीनं.

आणि मग एका दुपारी गजेंद्रच्या मोबाइलवर सागरनं रेकॉर्ड करून पाठवलेला आवाज आला. तिथलं इंटरनेट थोडा वेळ सुरू झालं होतं. गजेंद्र धावत सुभद्राबाईला घेऊन आला आणि माझ्यासमोर, सगळ्यांसमोर त्यानं तो आवाज लावला.

"माय, मी चांगला हाय. आमच्या खोल्याईले कोणी हात नाही लावला. बाजार बंद होता, तं शेजारची म्हातारी, उम्म करीम म्हंतात तिले, म्हंजे करीमची माय, तिनं रोज आमाले रोट्या देल्या. तिचाच नातू मोर्चात गेला हाय. ती रातभर दारात बसून राह्यते, माय, तुह्यासारखी. इथं तेल हाय, पण पोराईले काम नाही. लाइट नाही. नळाले खारं पाणी येते. आपल्या गावासारखंच. मांगच्या उन्हाळ्यात ते पाणी पिऊन दवाखाने भरले होते. म्हणून उतरले ते रस्त्यावर."

आवाज संपला. सुभद्राबाई पदर तोंडाला लावून रडत होती. महादेवराव टोपी काढून हातात फिरवत राहिले. मग ते म्हणाले, "खारं पाणी... तिथंबी?"

गजेंद्रनं फडकं ओलं केलं. जुनी ओळ त्यानं घासघासून पुसली आणि लिहिलं, 'कालपर्यंतची बातमी खोटी होती. सागर सुखरूप आहे. न विचारता लिहिलं, चूक माझी. – गजेंद्र.'

त्या दिवशी मला वाटलं, आता काळजी संपली. पण तसं झालं नाही. तिथला असंतोष शमला नव्हता. सागरचा फोन पुन्हा मध्येच बंद पडायचा, सुभद्राबाई पुन्हा माझ्यासमोर येऊन उभी राहायची. मी कोरा दिसलो की तिला हायसं वाटायचं.

संक्रांतीच्या सुमारास सागर सुटीवर आला. थांब्यावर उतरताच लोकांनी त्याला घेरलं. 'तिथले लोक कसे? त्यांना काय पाहिजे?' त्यानं बॅग खाली ठेवली आणि सांगितलं, "सारे एकसारखे कुठं असतात, काका? कोणी म्हणते सरकार बदला, कोणी म्हणते कायदाच बदला. म्हातारे म्हणतात, पहिलं पोट्टे घरी येऊ द्या. एक डाव एक पोरगी आली, हातात टॅब घेऊन. लोकाईचं मत विचारत घरोघर फिरत होती. मी उम्म करीमचा कूलर दुरुस्त करून राह्यलो होतो. पोरीनं विचारलं, देश बराबर रस्त्यानं चालला काय? तुमचा कोणावर भरोसा हाय? म्हातारी बोलेचना. मंग रडाले लागली. म्हणे, सारी जिनगानी गेली, मले हे पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं. नातवाले काम आन् प्याले गोड पाणी, एवढंच लिही म्हणे. त्या पोरीनं लिहून घेतलं."

मग गर्दीत नेहमीचं सुरू झालं. सागरनं परत जावं की नाही? कुणी म्हणालं, जा, इथं काय ठेवलंय? कुणी म्हणालं, जीव मोठा की पगार? सागरनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मागं उभ्या असलेल्या सुभद्राबाईकडं पाहिलं.

"माय, तुले काय वाटते?"

"मले?" ती दचकली. लोकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. तिच्या मतासाठी वाट होताना मी पहिल्यांदा पाहिली.

"मले भेव वाटते," ती म्हणाली. "तिथं गेला तं गोळीचं भेव. इथं राह्यला तं पाण्याचं. तुह्या बापाले कोणी गोळी नाही मारली, बापू. तिथल्या मायबाया तरी बोलून राह्यल्या. आपून काऊन मुके?"



सुटी संपली तसा सागर परत गेला. त्याच्या पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राबाई एकटीच माझ्यासमोर आली. गजेंद्रनं ठेवलेला खडू तिनं उचलला. वाकड्यातिकड्या अक्षरांत तिनं लिहिलं, 'गोड पाणी कधी येणार?' आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. संध्याकाळपर्यंत त्याखाली आणखी बायकांची नावं आली. काहींना लिहिता येत नव्हतं, त्यांनी पोरींकडून लिहून घेतलं. सगळ्यात शेवटी महादेवराव आले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, खडू घेतला आणि बायकांच्या नावांखाली आपलं नाव लिहिलं.

मित्रांनो, पाणी अजून आलेलं नाही. नळयोजनेचे पाइप येऊन पडले आहेत, त्यावर शेळ्या बसतात. माझा रंग उडाला आहे. माझ्या जागी दिव्यांचा चमकता फलक लावायचं घाटत आहे म्हणे. लावा, माझी तक्रार नाही. एवढीच विनवणी आहे की त्याच्यावर कुणाच्या गावाची, कुणाच्या मुलाची, दूरच्या कुठल्या देशाची बातमी लिहिण्याआधी, 'हे कुणाला विचारलं?' असं एकदा स्वतःला विचारा. आणि गर्दीत मागं विळा घेऊन उभी असलेली बाई काही बोलत असेल, तर क्षणभर मागं वळा. मी लाकडाचा असून मला तिचं ऐकू आलं. तुम्हाला तर कान आहेत.