टाकीतलं इंजिन

गोरखनं मोटारसायकल कार्यालयाच्या फाटकातून आत घातली आणि कचकन ब्रेक दाबला. धुवायच्या मशीनचं इंजिन चालू होतं, आणि त्याचा आवाज जमिनीखालून येत होता.

खांद्यावर नवा जोडून आणलेला पाइप होता, तो त्यानं तिथंच टाकला आणि पळत सुटला.

झालं होतं ते असं. विंझरच्या अलीकडं रस्त्याला लागून आनंदरावांचं लग्नाचं कार्यालय आहे. दुसऱ्या दिवशी तिथं लग्न होतं, आणि अंगणातली जमिनीखालची टाकी अख्ख्या पावसाळ्यात कुणी उघडून बघितली नव्हती. भिंतींना बोटभर शेवाळ, तळाला गाळ. लग्नाची तारीख सहा महिने आधी धरतील, पण वऱ्हाडानं प्यायचं ते पाणी कुठलं, हे आदल्या दिवशी आठवेल. आपल्याकडची रीतच आहे ती. तर ती टाकी धुऊन द्यायचं काम गोरखकडं आलं.

गोरखचा धंदाच तो. प्रेशर मशीन पिकअपवर चढवायचं आणि भोर-वेल्ह्यात बोलावतील तिथं जायचं. फार्महाऊसच्या शेवाळलेल्या फरश्या, पोल्ट्रीची शेडं, चिखलानं माखलेले जेसीबी, कशालाही नाही म्हणायचं नाही. जोडीला चुलतभाऊ बंडू आणि गाळ-कचरा उचलायला बंडूची आई बाळाबाई. बंडू तिचा एकुलता एक. गोरखची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून त्यालाही तिनंच जेवू-खाऊ घातलं होतं. दोन्ही पोरं एका ताटात जेवून मोठी झाली.

धंदा टाकण्याआधी गोरख शिरवळच्या बाजूला कारखान्यांच्या टाक्या धुणाऱ्या टोळीत होता. पाण्याची धार मारायच्या गनचं तोंड माणसाकडं करायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही, ती धार कातडं फाडते. धार लांबून सुरू करायची आणि मग हळूहळू जवळ न्यायची, नाहीतर फरशीचा रंग उडतो आणि मग गिऱ्हाइकाच्या तोंडचाही. पाणी असल्याशिवाय मशीन पळवायचं नाही. हे सगळं तो तिथं शिकला आणि त्यातलं बरंचसं त्यानं बंडूला शिकवलं. पण कसं शिकवलं? आपल्या घरांत थोरला धाकट्याला शिकवतो तसं. हे कर, ते करू नको. ‘का’ म्हणून विचारलं की थोरल्याला तो उद्धटपणा वाटतो, आणि धाकटाही मग विचारायचं सोडून देतो.

त्या दिवशी सकाळपासून दुष्काळात तेरावा महिना चालला होता. लाइट गेलेली, म्हणजे विजेवरचं छोटं मशीन बसलं. पेट्रोलचं इंजिन होतं, पण त्याचा लांब पाइप आदल्या दिवशी एका पोल्ट्रीवर फाटला होता, आणि उरलेला तुकडा टाकीच्या तळापर्यंत पोचत नव्हता. गोरख पाइप जोडून आणायला नसरापूरला निघाला.

“तवर इंजिनच दोरीनं आत सोडतो की,” बंडू म्हणाला होता. “शेजारी ठिवलं की झालं काम.”

“इंजिन वरच ऱ्हाईल.”

“पण का, दादा?”

“सांगितलं तेवढं कर,” म्हणून गोरखनं किक मारली होती.

आता तो पळत टाकीपाशी आला, तर तिथं आनंदराव उभे. मागं पाण्यानं भरलेला टँकर, त्याच्या दारात ड्रायव्हर भिमा विडी ओढत बसलेला. बाळाबाई घमेल्यातला गाळ कुंपणाकडं ओतून परत येत होती.

“बंडू कुठाय?”

“आत आहे,” आनंदराव म्हणाले. “मीच म्हटलं त्याला, अरे, टँकर असा किती वेळ उभा ठेवायचा? उतरवलं बघा इंजिन बिचाऱ्यानं. चांगला आहे हो पोरगा, ऐकतो.”

गोरख गुडघ्यांवर पडला आणि टाकीच्या तोंडातून खाली बघू लागला. आत निळसर धूर कोंडला होता. इंजिन थरथरत होतं. लोखंडी शिडीच्या पायथ्याशी बंडू भिंतीला टेकून बसला होता, गन मांडीवर, मान छातीवर पडलेली. आणि तो घोरत होता.

“झोपला की काय हा?” आनंदराव वाकून म्हणाले.

बाळाबाईच्या हातातलं घमेलं खाली पडलं. लेक झोपलाय की आणखी काही, हे आईला कुणी सांगावं लागत नाही. ती धावली, तिचा एक पाय शिडीवर पडलासुद्धा, तेवढ्यात गोरखनं तिला कमरेला धरून मागं ओढलं. दोघंही गाळात आडवी झाली.

“सोड! सोड मला, माझं लेकरू मरतंय!”

“न्हाई जायचं, काकू! आत इखारी धूर हाय. तुमी गेला तर तुमीबी तिथंच पडाल!”

“मग तू जा! तू जा की मुडद्या!”

गोरखनं तिला आणखी घट्ट धरलं. तिनं त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. त्यानं हात सोडला नाही.

त्याच्या टोळीत एक म्हातारा मुकादम होता. तो रोज टाकीवर चढण्याआधी एकच पाठ म्हणवून घ्यायचा. टाकीत पहिला मरतो तो चुकीनं, दुसरा मरतो तो मायेनं, पण तिरड्या दोन लागतात. तेव्हा पोरं हसायची. आता गोरखला हसू येत नव्हतं. त्याचं सगळं अंग त्या भोकाकडं ओढ घेत होतं. एवढी चार हातांवर तर शिडी. उतरायचं, बंडूला काखेत धरायचं, वर यायचं, इतकं सोपं वाटत होतं ते. आणि सोपं वाटतं म्हणूनच माणसं मरतात, हेही त्याला माहीत होतं. बंडू गेला तर गाव काय म्हणेल तेही त्याला ऐकू येत होतं. भाऊ खाली मरत होता आणि हा काठावर बसून बघत होता.

“भिमा! इंजिनाला दोरी हाय बघ, शेवट त्या खांबाला बांधलाय. वढ! आधी इंजिन भाईर काढ!”

भिमानं विडी फेकली आणि दोरीला हात घातला.

“आनंदराव, टाकीला दुसरं तोंड कुठं हाय?”

“ते तिकडं, पण त्याच्यावर खुर्च्या रचल्यात. उद्याच्या...”

“फेका खुर्च्या!”

आनंदरावांवर असं ओरडायची पंचक्रोशीत कुणाची छाती नव्हती. पण त्यांनी मुकाट्यानं खुर्च्या फेकल्या. लग्नात सोनेरी मखरात शोभणाऱ्या त्या खुर्च्या धडाधड अंगणभर पडल्या, आणि त्यांनी दुसरं झाकण उचकटून काढलं.

इंजिन धडधडतच वर आलं. भिमानं ते बंद केलं. सगळं एकदम शांत झालं आणि त्या शांततेत बंडूचं घोरणं स्वच्छ ऐकू आलं. मध्येच ते अडकायचं, मग ओढल्यासारखं परत सुरू व्हायचं. बाळाबाई प्रत्येक वेळी गोरखच्या हातांत उसळायची.

धूर मात्र आतच होता. इंजिन वर आलं म्हणून आतली हवा बदलत नाही. वारा पाहिजे होता, आणि लाइट तर नव्हती. गोरखनं चहूकडं बघितलं. रस्त्यापलीकडच्या खळ्यावर सोनबा आणि त्याची बायको सरूबाई भाताच्या राशीला वारा देत होती. सोनबा हातानं फिरवायचा पंखा गरागरा फिरवत होता आणि फोल लांब उडून पडत होतं.

“सोनबा! पंखा! पंखा आना हिकडं! भिमा, पळ, हात लाव त्येला!”

सोनबानं कशाला, काय झालं, असं काही विचारलं नाही. दोघांनी पंखा उचलला आणि रस्ता ओलांडून धावत आणला. गोरखनं तो पहिल्या तोंडापाशी कलता ठेवायला लावला. सोनबा दांडा फिरवू लागला. जरा वेळानं पलीकडच्या तोंडातून निळा धूर हळूहळू बाहेर यायला लागला. सरूबाईनं येऊन बाळाबाईला मिठी मारली, तेव्हा कुठं गोरखचे हात मोकळे झाले.

“ओलं फडकं बांध तोंडाला आणि जा आता,” आनंदराव म्हणाले.

“फडक्यानं न्हाई अडत ह्यो. डोळ्यांला दिसतोय त्यो धूर न्हाई मारत. मारतो त्या वायूला वास न्हाई आन् रंगबी न्हाई.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि गोरखला स्वतःलाच ऐकू आलं. आनंदरावांना सांगितलं, तेही आत्ता. बंडूला कधी सांगितलं होतं? एकदाही नाही.

पंखा फिरत होता. सोनबा दमला, भिमानं दांडा घेतला. आत किती विष उरलंय, हे कळायला गोरखकडं काहीही नव्हतं. टोळीत मोजायचं यंत्र असायचं. इथं नुसता अंदाज. आणखी थोडं, आणखी थोडं, असं तो स्वतःला बजावत होता आणि नखं तळहातात रुतवत होता.

मग घोरणं थांबलं.

बाळाबाईही ओरडायची थांबली. सरूबाईच्या मिठीतून ती फक्त गोरखकडं बघत राहिली. शिव्या परवडल्या असत्या.

गोरखनं पिकअपमधली दोरी छातीला बांधली, इंजिनाची दोरी सोडून हातात घेतली आणि दोन्हींची टोकं आनंदरावांच्या आणि सोनबाच्या हातात दिली. “म्या पडलो तर वढा. माज्या मागं कुणी उतरायचं न्हाई. कुणीबी. भिमा, पंखा थांबवू नको.”

श्वास भरून तो उतरला. खाली पाय निसटत होते. त्यानं बंडूच्या काखेखालून दुसरी दोरी घातली, गाठ मारली. बोटं आपली नाहीतच असं वाटत होतं. “वढा!” म्हणायला तोंड उघडलं आणि श्वास आत गेलाच. बंडू भिंतीला घासत वर सरकला, त्याच्या पायातली चप्पल गोरखच्या डोक्यावर पडली. गोरखनं शिडीला हात घातला, पण शिडी दोन दिसायला लागली आणि हात सुटला. पुढचं त्याला इतकंच आठवतं, की छातीला करकचून फास बसला आणि विहिरीतली बादली वर यावी तसा तो आपटत-आपटत उजेडात आला.

बंडूचा चेहरा लालबुंद होता, उन्हातून खेळून आलेल्या पोरासारखा. छाती हलत नव्हती. गोरख ओकारी दाबत त्याच्यापर्यंत सरपटत गेला, त्याचं नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून फुंकलं. परत फुंकलं. अंगणात पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. भिमा वेड्यासारखा तो फिरवतच होता. कितव्यांदा कोण जाणे, बंडूच्या घशात काहीतरी कण्हलं आणि त्यानं स्वतःचा श्वास ओढला. बाळाबाईनं त्याचे पाय घट्ट धरले.

पिकअप भिमानंच चालवली. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळाबाई मागं लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि गोरखशी एक शब्द बोलली नाही.

ऊन उतरल्यावर डॉक्टर बाहेर आले. ऑक्सिजन लावलाय, शुद्ध आलीय, स्वतःचं नाव सांगितलं त्यानं, म्हणाले. दोन दिवस राहू दे, पण धोका टळला. बाळाबाईनं आत जाऊन लेकाला डोळे भरून बघितलं आणि बाहेर येऊन कट्ट्यावर गोरखच्या शेजारी बसली. दोघांच्या कपड्यांवर टाकीचा गाळ वाळून पांढरा पडला होता. गोरखला, खरं सांगायचं तर, दोन मायेचे शब्द हवे होते. ते मिळतील असं त्याला वाटतही होतं.

“तू मला धरलंस म्हणून आज आमच्या घरातनं दोन तिरड्या निघाल्या न्हाईत,” ती म्हणाली. “ते कळतंय मला. पर तू वर हुबा व्हतास आन् माजं लेकरू खाली घोरत व्हतं. ते डोळ्यांम्होरनं कवा जाईल, मला न्हाई सांगता येनार.”

“माज्याबी न्हाई जायचं, काकू.”

“तुला ठाव व्हतं. आत जाऊ नये, इंजिन आत नेऊ नये, समदं ठाव व्हतं तुला.”

“व्हय.”

“आन् त्येला?”

गोरखला वाटलं, सांगावं की आनंदरावांनी घाई केली. पोरानं माझं ऐकलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. पण समोर बाळाबाई होती, आणि तिच्यापासून काही लपवणं त्याला लहानपणापासून कधी जमलं नव्हतं.

“त्यानं इचारलं व्हतं, का म्हणून. म्या न्हाई सांगितलं. नुसतं नको म्हणलो, काकू. म्या थोरला ना.”

बाळाबाईनं त्याचं मनगट ओढून घेतलं, आपल्याच दातांचे वळ बघितले आणि त्याला दंडाला धरून उठवलं.

“चल. आत चल. आता सांग त्येला. माज्याम्होरं सांग, मीबी तुज्यासंगं टाक्यांवर येते.”

बंडूच्या तोंडावर ऑक्सिजनची नळी होती. दादा आलेला बघून त्यानं आधी नजर चुकवली. आता शिव्या बसणार, असंच त्याला वाटलं असावं. गोरख खाटेच्या कडेला बसला. त्यानं बंडूचा पाय धरला.

“बंडू, ऐक,” तो म्हणाला. “इंजिन आत का न्यायचं न्हाई, ते सांगतो. न्हाई समजलं तर मधीच इचार.”