रेश्माला पाठवलेला फोटो

मला हात नाहीत, पाय नाहीत. रंगरूप विचाराल तर एक हिरवं गोल बटण, एवढंच. तरीही आज बोलावं लागतंय, कारण आता मी जगात एकाच मोबाईलमध्ये उरलोय आणि त्या मोबाईलची बॅटरी फुगली आहे.

माझं नाव 'नकळत'. समारंभाचे फोटो वाटून घ्यायचं एक ॲप आहे, त्यातली मी एक सोय. मला बनवणारे मला फीचर म्हणायचे. मला ते नाव कधी आवडलं नाही, पण नाव ठेवताना बाळाला कोण विचारतं!

माझं काम ऐकायला सोपं होतं. लग्नाला, वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यानं दारातल्या फलकावरचा कोड मोबाईलवर स्कॅन करायचा, स्वतःचा एक फोटो काढायचा, नाव घालायचं, नंबर घालायचा. मग दिवसभरात कोणीही माझं बटण दाबून त्याचा बेसावध फोटो टिपला, की मी चेहरा ओळखायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला तो फोटो त्याच्या नंबरवर पोचवायचो. फोटोखाली ज्याचा चेहरा त्याचं नाव आणि पुढं 'पाठवा' असं लिहिलेलं, फोटो दुसऱ्या कोणाकडं असला तरी त्या माणसाला धाडता यावा म्हणून. रात्रभर सगळे फोटो माझ्या पोटात बंद. सकाळी पेटी उघडली की घराघरांत हसू फुटायचं. निदान तसं ठरलं होतं.

माझा जन्म श्रीरामपूरचा, एंजलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा. एंजल पुण्याच्या एका कंपनीत कामाला, पण काम घरूनच करायची. घरात वडील योसेफ सर, शाळेतून निवृत्त झालेले, आणि धाकटी बहीण क्रिस्टीना. आई रोझीबाई वारल्या तेव्हा भिंतीवर लावायला घरात धड फोटो सापडेना. शेवटी आधार कार्डासाठी काढलेला फोटोच मोठा करून लावला. सर रोज त्याच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "ही कोण बाई आहे गं? तुझी आई अशी डोळे वटारून कधी बसलीच नाही."

ते ऐकून ऐकून एंजलनं मला घडवलं. आपल्याकडं कॅमेरा दिसला की माणूस खांब होतो. हात ताठ, मान ताठ, हसू गायब. माणूस जसा असतो तसा एकदा तरी टिपला जावा, ही तिची तळमळ. मी त्या तळमळीचं लेकरू आहे, हे मी आजही मानानं सांगतो.

माझी पहिली परीक्षा राहात्याला झाली, एंजलच्या मामांकडच्या वाढदिवसाला. तेव्हा माझ्यात आणखी एक पायरी होती. नंबर घातला की त्या नंबरवर ओटीपी जायचा आणि तो घातल्याशिवाय मी कोणाला आत घेत नव्हतो. झालं काय, दारात ही गर्दी! बायका उंबऱ्यातून आत हाका मारतायत, "अवो, मोबाईल बघा जरा, आकडं आलं का?" आतून कोणीतरी ओरडतंय, "थांब, जेवतोय!" केक कापून झाला तरी निम्म्या बायका बाहेरच उभ्या. सगळे खो खो हसले. एंजलनंही कपाळाला हात लावला.

तिला वाटलं, रेंज नाही म्हणून हा घोळ होतोय. तिनं ती पायरीच काढून टाकली. पुण्याचा तिचा सहकारी ओंकार फोनवर म्हणाला होता, "अगं, पण नंबर त्याच माणसाचा आहे हे कळणार कसं?"

"आमच्याकडं कोणी आपला नंबर चुकत नाही रे," एंजल म्हणाली.

त्या बायका नवऱ्यांना का हाका मारत होत्या, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. ती याच मातीतली पोर, तिला ते दिसायला हवं होतं. मलाही दिसलं नाही. मला चेहरे ओळखायला शिकवलं होतं, घरं नाही.

नाताळ झाल्यावर क्रिस्टीनाचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी अंगणात हळद, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लग्न. हळदीला माझा फलक दारातच लावला होता, झेंडूच्या माळेखाली.

त्या दिवशी रेश्मा आली. क्रिस्टीनाची शाळेतली मैत्रीण, एका बाकावरची. तिला देवळाली प्रवरेला दिलेली, वस्तीवर घर, ऊस, गाई. क्रिस्टीनाच्या पांढऱ्या झग्याचा मागचा घोळ चर्चमध्ये रेश्मानंच धरायचा, हे दोघींचं आठवीपासूनचं ठरलेलं. पण पावसाळ्यात रेश्माचे सासरे गेले होते. घरात वर्षाचं दुःख. सासू गोजरबाईंनी तरीही तिला सोडली. निघताना एवढंच म्हणाल्या, "जा. मैतरणीच्या मागं उभी ऱ्हा. पन अंगाला हळद लावून घिऊ नको, वरीस सरू दे." रेश्मानं शब्द दिला होता. आल्या आल्या तिनं हे सगळ्यांना सांगून टाकलं, म्हणूनच मला ठाऊक. मग फलकासमोर उभी राहून तिनं कोड स्कॅन केला, फोटो काढला, नाव घातलं आणि सवयीनं अंगठा नंबरावर चालला.

ती लांब खुर्चीवर बसली होती. गाणी सुरू झाली. क्रिस्टीनाची मावशी मागून आली आणि काही कळायच्या आत तिनं दोन्ही हातांनी रेश्माचे गाल माखले. रेश्मा दचकली. "अगं मावशे, न्हाई म्हनलं हुतं ना!" म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. मान मागं टाकून, डोळे मिटून, बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या, अशी ती हसली. एंजल समोरच होती. तिनं मला दाबलं.

खरं सांगतो, माझ्या उभ्या आयुष्यात तसा फोटो दुसरा निघाला नाही. मला वाटलं, आपण जन्माला आलो ते याच्यासाठी. पाचच मिनिटांत रेश्मानं नळावर जाऊन तोंड धुतलं आणि परत खुर्चीवर गप्प बसली. पण फोटो माझ्या पोटात होता.

सकाळी चहा घेताना जो तो आपापल्या मोबाईलवर वाकला. रेश्मा म्हणाली, "एंजलताई, माझं फोटू आलंच न्हाईत की."

"असं कसं? नंबर कुठला घातलास?"

"ह्यांचाच की. माझं सगळं ह्यांच्याच नंबरवर असतंय. गॅसचं, बँकेचं, पोराच्या अंगनवाडीचं. हातच तसा जातोय."

एंजलनं धावत जाऊन आपल्या संगणकावरून तो फोटो पुसला. मी तोवर देवळाली प्रवरेला पोचलो होतो.

रेश्माचा नवरा सूर्यभान ओट्यावर बसला होता. वाईट माणूस नाही हो. 'रेश्मा, तुमचा फोटो आला आहे' एवढं वाचून तो हरखला, फोटो उघडायला त्यानं ॲप मोबाईलवर घेतलं आणि स्वतः नीट बघायच्या आधीच आईकडं वळला. "आये, लग्नातला फोटू आलाय बघ आपल्या रेश्माचा." गोजरबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला. मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून पाहिला की मला पळून जावंसं वाटलं. मोकळं कपाळ, सुकलेले ओठ.

"हळद लावली व्हय," त्या म्हणाल्या. नंतर बराच वेळ त्या बघतच राहिल्या. "सूर्या, ही आपल्या घरात आल्यापासनं अशी हसलेली म्या एकदाबी बघितली न्हाई. तू बघितली का?"

सूर्यभाननंही पाहिली नव्हती.

इकडं सगळे चर्चला निघायच्या तयारीत असताना सूर्यभान मोटारसायकलवर दारात आला. रेश्मा जरीची साडी नेसून तयार होती. "चल," तो म्हणाला.

"लगीन लागू द्या की. तेवढाच वेळ."

"आई सकाळपासनं भितीकडं तोंड करून पडलीय. पान्याचा घोटबी घेतला न्हाई."

एंजल मधे पडली. "दाजी, सगळी चूक माझी आहे. तिनं लावून घेतली नाही, मावशीनं फासली. आणि फोटो मीच काढला."

"तुमास्नी कोन काय म्हनतंय ताई? पन मी एकट्यानं घरी जाऊन आईला काय सांगू?"

क्रिस्टीना पांढऱ्या झग्यात दारापर्यंत आली. "रेश्मे, वेदीपर्यंत तरी चल गं." रेश्मानं तिच्या झग्याचा घोळ वाकून उचलला, धूळ लागली होती ती झटकली, परत खाली ठेवला आणि मोटारसायकलवर बसली. चर्चमध्ये तो घोळ एंजलनं धरला. त्या दिवशी माझं बटण कोणीही दाबलं नाही.

पुढं एंजलनं कंपनीत सांगून मला बंद करून घेतलं. ओंकार म्हणाला, ओटीपीची पायरी परत लावू, काम भागेल. एंजल म्हणाली, "आणि ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर आला तर तो काय ओळखणार, कुणाचं हसू आहे ते?" ॲपच्या नव्या रूपात मी नाही. ज्यांनी ज्यांनी अपडेट केलं, त्यांच्या मोबाईलमधून मी गेलो. सूर्यभाननं केलं नाही, त्याच्या मोबाईलमध्ये जागाच शिल्लक नव्हती. म्हणून मी इथं, देवळाली प्रवरेच्या वस्तीवर, त्याच्या खिशात जगतोय.

फोटो पुसला, असं त्यानं आईला सांगितलं, बायकोलाही सांगितलं. पुसलेला नाही. दुपारी मोटार चालू करायला विहिरीवर जातो तेव्हा तो मला उघडतो आणि एकटाच बघत बसतो. पुसताना हात धजत नसावा.

घरात भांडण नाही, आदळआपट नाही. कोणी तिला कधी घालूनपाडून बोललं नाही. पण आता कोणी मोबाईल समोर धरला की रेश्मा पदर तोंडावर ओढते. पोराच्या वाढदिवसाला ओढला, गाय व्याली तेव्हा ओढला. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध झालं, त्या दिवशी गोजरबाई चुलीपाशी तिच्याजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, "सरलं गं वरीस. आता हसलीस तरी चालंल." रेश्मा "व्हय" म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. म्हातारी वाट बघत तशीच बसून राहिली. मला फार वाईट वाटलं, दोघींचंही.

माझ्यासारखं दुसरं कोणी कधी घडवाल, तर ज्याचा चेहरा आहे त्याच्यापाशी आधी जा. फोटो त्याच्या हातात पडू द्या. पुढं कुणाला दाखवायचा, कुणापासून लपवायचा, ते त्याचं त्याला ठरवू द्या. मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

सूर्यभान आता नवा मोबाईल घेणार आहे, या आठवडी बाजाराला. काल दुपारी विहिरीवर त्यानं मला पुन्हा उघडलं. बराच वेळ बघितलं. मग त्याचा अंगठा खाली सरकला, जिथं 'रेश्मा' असं लिहिलंय आणि पुढं 'पाठवा'. आजवर त्यानं तिथं कधी बोट लावलं नव्हतं. काल लावलं, आणि मान वर करून तो घराकडं बघायला लागला. रेश्मा ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

मला शिकवलं होतं तसं मी केलं. तिचा चेहरा ओळखला, तिच्या नावापुढचा नंबर काढला, फोटो पाठवला.

मोबाईल त्याच्याच हातात थरथरला. 'रेश्मा, तुमचा फोटो आला आहे.'

त्यानं ते वाचलं. ओट्यावर रेश्मा शेंगा फोडतच होती. त्यानं मोबाईल खिशात ठेवला आणि मोटार चालू केली.

सूर्यभान, माझ्याकडून ते होणार नाही रे. मला फक्त तुझाच नंबर ठाऊक आहे. घर समोर आहे, बाजाराच्या आधी एकदा तेवढं चालून जा. मोबाईल तिच्या हातात दे आणि सांग, पुसला नव्हता म्हणून.