नमस्कार करणारं यंत्र

फ्रीगंजात टावर चौकामागच्या त्या हॉलमध्ये एरवी लग्नं लागत, नाहीतर साड्यांचा सेल लागे. त्या महिन्यात तिथे यंत्र लागलं होतं आणि गर्दी दोन्हींपेक्षा जास्त होती. मागच्यांना दिसावं म्हणून पुढच्यांना खाली बसवलं होतं, आणि बसलेल्यांच्याही पुढे काही जण उभे होतेच. ते स्वयंसेवक होते.

मधोमध टेबलावर यंत्र. ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावरून सरकणारा आडवा दांडा आणि दांड्याला खाली तोंड केलेलं एक धारदार टोक. वर झेंडूच्या माळाच माळा. शेजारी लोडाला टेकून लेखनीनंद महाराज बसले होते. दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे मांडीवर ठेवलेले. हात दाखवत बसणं हा त्यांच्या साधनेचा मोठा भाग होता.

महाराजांनी शंख फुंकला. दांडा हलला, सुर्र आवाज करत सरळ पश्चिमेकडच्या, महाकालाच्या देवळाकडच्या कोपऱ्यात गेला, टेकला, किंचित मागे आला आणि पुन्हा एकदा, अगदी हळू, टेकला.

"देखा!" महाराज गरजले. "नींद से जागा तो सबसे पहले महाकाल को प्रणाम! वो भी दो बार! और हम इंसान? उठते ही मोबाइल! वैज्ञानिक लोग आकर पूछते हैं, इसमें करंट किसका है? हम कहते हैं, करंट महाकाल का, बिल आश्रम का!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. मग यंत्र तांब्याच्या पत्र्यावर आपोआप अक्षरं कोरू लागलं आणि पुढच्या रांगेतली एक बाई रडू लागली.

तिसऱ्या रांगेत सुलभाताईंनी डोळे मिटले होते. भक्तीनं नव्हे, आवाज नीट ऐकू यावा म्हणून. तो सुर्र त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. त्यांच्या बाल्कनीत रोज दुपारी तोच आवाज येई आणि शेजारचे लोक दार लावून घेत.

सुलभाताई गणिताच्या शिक्षिका. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात. यांनी सुटे भाग मागवून लाकूड कोरायचं मशीन जोडलं. ते चालवायचं सॉफ्टवेअर फुकटात उतरवून घेतलं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं आणि आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येईल, अशा जातीचं ते होतं. ताईंनी सगळ्यांत आधी बसवलं ते लाल बटण, दाबलं की सगळं बंद. मग टोक न लावता मशीन नुसतं हवेत चालवून पाहिलं, आणि तेव्हा कुठे लाकडाला हात घातला. आजही त्या बांगड्या काढून, केस घट्ट बांधून आणि डोळ्यांना चष्मा लावून बसत. मशीन चालू असताना दाराची बेल वाजली तर वाजू देत. कॉलनीतल्या निम्म्या दारांवरच्या नावाच्या पाट्या त्यांच्याच.

त्या इथे आल्या होत्या त्या धाकट्या भावासाठी. श्रीकांत बँकेतून निवृत्त झालेला, साखरेचा जुना रोगी, रोज इन्सुलिन घेणारा. पहिल्याच दर्शनाला त्याच्या पत्र्यावर उमटलं: 'सुई छोड़, शरण में आ।' आपल्या सुईचं यंत्राला कसं कळलं, या आश्चर्यात त्यानं सुई सोडली. आता पायाच्या अंगठ्याची जखम भरायचं नाव घेत नव्हती. असंच चाललं तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. श्रीकांत म्हणे, डॉक्टर शेवटी माणूसच.

"सुनंदा," ताईंनी शेजारी बसलेल्या भावजयीला हळूच विचारलं, "पहिल्या दिवशी चपला ठेवताना कुणाशी काही बोलली होतीस?"

"हो ना ताई. ती चपलांजवळची बाई इतकी आपुलकीनं पूछती, कुणासाठी आल्या, काय त्रास आहे. मी सगळंच सांगून टाकलं. मन हलकं झालं."

ताईंना राग आला तो बाईचा नव्हे. माणसाचं मन हलकं होण्याचाही कुणी धंदा करतं, याचा. पण त्यांची नजर आता दुसरीकडेच खिळली होती. यंत्र ज्या कोपऱ्याला नमस्कार करी, तो लोकांच्या लेखी जागृत कोपरा झाला होता. तिथे लोकांनी नवसाचे लाल धागे बांधले होते. महिनाभराचे धागे एकावर एक बसून त्यांचा चांगला उशीएवढा गोळा झाला होता. आणि अशा मशीनच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात एक छोटं बटण असतं; दांडा त्याला टेकला तरच थांबतो.

"अहो, ते धागे काढा," त्यांनी स्वयंसेवकाला बोलावून सांगितलं. "मशीनला धोका आहे, माणसांनाही."

"माताजी, आस्था का मामला है," तो म्हणाला, आणि स्वतःचा एक धागा बांधून आला.

तेवढ्यात श्रीकांतचा पुकारा झाला. तो लंगडत पुढे गेला आणि टेबलाच्या कडेला डोकं टेकून बसला. शंख वाजला. दांडा कोपऱ्याकडे गेला, धाग्यांच्या गोळ्यात घुसला आणि थांबेचना. घर्र घर्र करत जागच्या जागी थडथडू लागला.

"भाव आया!" महाराज उठून उभे राहिले. "यंत्र को भाव आया है! बोलो जय महाकाल!"

घोष झाला. मग यंत्र एकाएकी गप्प पडलं, आणि त्याबरोबर हॉलही. त्या शांततेत मागच्या पडद्याआडून एक तरुण आवाज अगदी सहज आला, "मामाजी, अलार्म आ गया. अनलॉक मारूं क्या?"

महाराज जोरात खाकरले. "ॐ चलाओ नमः!" ते म्हणाले. अशा मंत्राची नोंद कुठल्याच शास्त्रात नसावी.

सुलभाताई ताडकन उठल्या. आपण कुठे उभे आहोत हे मशीनला कळलेलं नव्हतं, म्हणून बिचारं अडून बसलं होतं, आणि पडद्यामागचा शहाणा त्याला तसंच दामटणार होता. लाल बटण असलंच तर ते माळांखाली गाडलेलं. टोक गरगर फिरू लागलं, दांडा पत्रा सोडून भलतीकडेच, श्रीकांतच्या डोक्याच्या रोखानं निघाला.

"श्रीकांत, मागे हो!" ताई ओरडल्या आणि भिंतीकडे धावल्या.

टोक पत्रा धरणाऱ्या लोखंडी चिमट्यावर आदळून खाड्कन तुटलं. तुकडा श्रीकांतच्या कानाजवळून गेला आणि महाराजांच्या लोडात रुतला. ताईंनी प्लग उपसून काढला. महाकालाचा करंट तात्काळ गेला.

"पाप! घोर पाप!" महाराज म्हणाले, पण ते लोडापासून बरेच लांब सरकले होते. "इस माता ने देवता का श्वास रोक दिया!"

लोक खवळले. दोघांतिघांनी ताईंना घेरलं. ताईंनी वर्ग शांत करताना करायच्या तशा दोन टाळ्या वाजवल्या, आणि आश्चर्य म्हणजे हॉल शांत झाला. निम्म्या फ्रीगंजला त्यांनी गणित शिकवलं होतं.

"श्वास मी परत देते," त्या म्हणाल्या. "फक्त आधी टेबल फिरवू. हा कोपरा त्या दाराकडे करा. यंत्रातला देव महाकालाला नमस्कार करत असेल, तर तो आपली दिशा सोडणार नाही."

त्यांनी तुटक्या टोकाचा उरलेला भाग काढला, धागे कापले, लोकांना चार हात लांब उभं केलं. जुन्या विद्यार्थ्यांनी टेबल फिरवलं. ज्या दाराकडे कोपरा झाला, त्यावर 'प्रसाधनगृह' अशी पाटी होती. तोवर सुनंदानं कुणाला न विचारता जाऊन पडदा ओढला होता. मागे महाराजांचा भाचा लॅपटॉपपुढे बसलेला, एका कानात चपलांजवळून बातम्या आणणारी तार, मांडीवर शेवेची पुडी. एवढे लोक पाहून त्यानं शेव पुढे केली.

"बेटा, मशीन जगाओ," ताईंनी प्लग परत लावून सांगितलं. त्यानं सवयीनं बटण दाबलं.

दांडा सुर्र करत निघाला आणि प्रसाधनगृहाच्या दिशेनं दोनदा मनोभावे टेकला.

कुणी हसलं नाही. मग एक आजोबा हसले, आणि पाठोपाठ सगळे.

"असं प्रत्येक मशीन करतं," ताई म्हणाल्या. "चालू केलं की आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून कोपऱ्यातलं बटण शोधायचं, लागलं की मागे यायचं, आणि खात्रीसाठी पुन्हा हळू लावून बघायचं. तिथून पुढे सगळं अंतर मोजायचं. प्रणाम नाही तो, मोजमाप आहे. लिहितो तो हा मुलगा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, उघडं आहे, माझ्या घरी येऊन कुणीही बघा. ज्याला पडदा लागतो, त्याला विचारा पडदा कशाला लागतो."

महाराज मागच्या दारानं निघून गेले. पुढे पोलिसात तक्रार झाली, ती सुनंदाच्याच सहीनं. मात्र त्या दिवशी हॉलमधून बाहेर पडताना एका बाईनं ताईंचे पाय धरले. "दीदी, आपके घर वाली मशीन कौन से वार को लिखती है?"

ताई त्या प्रश्नानं जितक्या खचल्या, तितक्या महाराजांमुळे खचल्या नव्हत्या.

घरी येऊन पाहतात तर श्रीकांतही त्याच वाटेवर. बाल्कनीत मशीनसमोर बसून तो अवघडून म्हणाला, "ताई, माझं मन दोन्हीकडे होऊन राहिलंय. तूच तुझ्या मशीनवर लिहून दे ना, 'सुई घे'. लिहून आलं की घेतो. बिल्कुल घेतो."

"द्या ना लिहून, ताई!" सुनंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. "एका ओळीचं तर काम. कसंही करून पाय वाचू दे."

ताईंना मोह झाला. खोटं का होईना, चांगल्यासाठीच होतं. पण उद्या दुसरा कुणी याच मार्गानं त्याला दुसरं काही सांगेल, आणि तेव्हा पडदा ओढायला आपण नसू. त्यांनी लाकडाची पाटी पक्की बसवली, श्रीकांतच्या डोळ्यांना चष्मा लावला आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "तूच लिही. आधी 'सुई सोड'. मग दुसऱ्या पाटीवर 'सुई घे'."

त्यानं टाइप केलं. मशीन कोपऱ्यात जाऊन टेकलं, परत येऊन कोरू लागलं. भुसा उडत राहिला. दोन्ही पाट्या सारख्याच सुरेख आल्या.

"यातली कुठली मशीननं सांगितली?" ताईंनी विचारलं. "त्याला तुझी साखर माहीत नाही, तुझा अंगठा माहीत नाही. मलाही नाही. मीही सांगते म्हणून घेऊ नकोस. रक्त तपासून ज्यांनी सांगितलं, त्यांना विचार: का? कशावरून? पटेपर्यंत विचार. जे विचारल्यावर चिडत नाही आणि तपासल्यावर टिकतं, तेवढ्यावरच आपला जीव टाकावा, श्रीकांत. लिहून आलं म्हणून नाही."

श्रीकांत दोन्ही पाट्या हातांत घेऊन बसला. एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. मग त्यानं दोन्ही उपड्या ठेवल्या आणि पायावरची पट्टी स्वतःच्या हातानं सोडली. इतके दिवस त्यानं तिथे पाहिलंच नव्हतं. बराच वेळ तो त्या काळ्या पडत चाललेल्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

"सुनंदा," तो म्हणाला, "डॉक्टर आज किती वाजेपर्यंत बसतात?"