बाहेरून लावलेलं कुलूप

मी अलीगढचं कुलूप. मार खातच जन्मलो. पितळ वितळवून साच्यात ओतलं, कानशीने सोललं, हातोडीने ठोकलं. शेवटी कारागीर म्हणाला, "टूट जाएगा, पर खुलेगा नहीं." त्या शब्दांचा मला भलता माज होता.

त्र्याण्णव साली गुणवंत आणि कुमुदने मला विकत घेतलं. नवराबायको दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. दिल्लीत मयूर विहारच्या एका नव्या सोसायटीत त्यांना नुकताच फ्लॅट मिळाला होता. सोबत चार वर्षांची स्वरूपा.

या सोसायटीचीही कमाल ऐका. सभासदांनी नावं नोंदवली तेव्हा बहुतेक जण बिनलग्नाचे. नकाशा काढताना कमिटीने विचारलं, मुलं किती? दोन-तीन हात वर झाले. मग पाळणाघराला तळमजल्यावर एकच खोली ठेवली. इमारती उभ्या राहीपर्यंत सगळ्यांची लग्नं झाली, आणि लोक राहायला आले ते घरटी दोन-दोन पोरं घेऊन! तोवर कमिटीने त्या खोलीत मंडपवाल्याच्या खुर्च्या कोंबून टाळं ठोकलं होतं.

शेजारच्या सोसायटीत एक खासगी पाळणाघर होतं. तिथे नाव घालायला गेलेला गुणवंत रक्ताळलेल्या ओठाने परत आला. कॉलर फाटलेली.

"अहो, काय झालं?" कुमुद ओरडली.

"फाटक उघडलं आणि सगळे एकमेकांच्या अंगावर तुटून पडले. सेक्शन ऑफिसर, अंडर सेक्रेटरी, सगळे! मीही एकाला मारलं, कुमुद. तरी जागा नाही मिळाली." त्याने दारावर मूठ आपटली. माझ्यासकट कडीकोयंडा हादरला.

मग कौशल्या नावाची बाई स्वरूपाला सांभाळू लागली. जूनमध्ये ती आजारी पडली. कुमुदच्या रजा संपल्या होत्या. दुपारी गुणवंत हाफ डे घेऊन येणार होता, मधल्या वेळेचाच काय तो प्रश्न. कुमुदने लेकीपुढे बिस्किटं आणि पाणी ठेवलं, कूलर लावला आणि बाहेरून मला अडकवलं. जिन्याकडे जाताना ती दोनदा मागे वळली. त्या दिवशी मी तिचा राग केला नाही, आजही करत नाही.

ती गेली आणि वीज गेली. कूलर थांबला. बंद फ्लॅटची भट्टी झाली. स्वरूपा दारावर लाथा मारू लागली. "आई, खोल ना! प्लीज खोल ना!" दाराला हिसका बसला की मी कोयंड्यावर आपटायचो. नंतर तिचा आवाज बारीक झाला, आणि मग आलाच नाही.

समोरची ममता धावत बाहेर आली. "गुड़िया? अरे, बोल तो सही!"

तिने वरवंटा आणला आणि माझ्यावर घाव घालायला सुरुवात केली. तिची बोटं ठेचली, रक्त माझ्या अंगावर उडालं. मार, बाई, अजून मार! कसला माज आणि कसलं काय, त्या कारागिराच्या हाताला मी शिव्या दिल्या. अखेर ती बाजूच्या बांधकामावरून पहार घेऊन आली. एका हिसड्यात माझी कडी उपटली.

पोर दारामागेच निपचित पडली होती. ममताने बादलीभर पाणी ओतलं, गालावर चापट्या मारल्या. स्वरूपा ओकली आणि रडली. ते रडणं ऐकून मला फुटल्याचं सुख वाटलं.

फोन गेल्यावर कुमुद ऑफिसातून धावत आली, आधी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत राहिली. मग मला उचलून तडक तळमजल्यावर गेली. मागून ममता, आणखी बायका. चेअरमनसाहेब आडवे आले.

"मॅडम, पहले मीटिंग में रखिए."

"क्या रखूँ मीटिंग में? बच्ची की लाश?"

तिने मला पाळणाघराच्या त्या बंद खोलीच्या टाळ्यावर आपटलं. लोखंडावर पितळ, खणखणाट झाला. चेअरमननी तिचा हात धरला, ममताने त्यांना भिंतीवर ढकललं. टाळं तुटलं. खुर्च्या एकामागून एक अंगणात भिरकावल्या गेल्या.

आता मी त्याच खोलीच्या खिडकीत पडून असतो. आत पाळणाघर चालतं, पोरांची दाटी, बाहेर नाव घालायला आलेल्या आयांची रेटारेटी. कालच दोघी झिंज्या धरून भांडल्या. आणि रस्त्यापलीकडे आणखी चार टॉवर उठलेत. त्यांच्या नकाशात पोरांसाठी एक खोलीही नाही.

आज सकाळी तिकडच्या जिन्यातून मला एक आवाज आला. दार ओढून घेतल्याचा, मग कुलपाचा. मागोमाग आतून छोट्या मुठींचे धपके.

ते कुलूप माझ्यापेक्षा नवं आहे, दणकट आहे. मला हातपाय नाहीत. तुम्हाला आहेत ना? मग पहार घ्या, पळा.