लिफ्टच्या खड्ड्यातलं नितळ पाणी

गुरम्मा महापालिकेकडून जुळे सोलापुरात घरोघर फिरून साचलेलं पाणी तपासायची. पिंपात टॉर्च मारायची आणि वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की पिंप पालथं करायला लावायची. साठवलेलं पाणी ओतून देताना बायका तिला चार शब्द सुनावायच्या, पण ओतायच्या.

अडायची ती एकाच ठिकाणी, बिल्डर अण्णारावांच्या अर्धवट इमारतीपाशी. कल्लप्पा वॉचमन फाटक उघडत नसे. साहेबांनी कुणालाच सोडू नको म्हणून बजावलंय, असं तो मान खाली घालून सांगायचा. तीनदा ती तशीच परतली.

सप्टेंबरात त्या गल्लीत सात जण डेंग्यूनं आजारी पडले. आठवी कल्लप्पाची मुलगी आरोही, नऊ वर्षांची. ती याच इमारतीतल्या पत्र्याच्या खोलीत राहायची. चौथ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. गुरम्मानंच रिक्षा बोलावून तिला आणि तिच्या आईला दवाखान्यात पोचवलं. ती परत आली तेव्हा कल्लप्पानं स्वतःच फाटक उघडलं.

लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं, तळ दिसावा इतकं नितळ. पृष्ठभागाला उलट्या लटकलेल्या अळ्याच अळ्या. आरोहीचं अंथरूण तिथून दहा पावलांवर.

गुरम्मानं बाटली भरली आणि सात रस्ता चौकातलं अण्णारावांचं ऑफिस गाठलं. त्यांनी बाटलीकडे पाहिलंही नाही. ही माणसं घाणीत राहतात, मग आजारी पडणारच, असं ते म्हणाले. गुरम्मानं बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, ह्यो डास गटारात न्हाय वाढत. त्याला असलंच नितळ पाणी लागतंय. आठ-धा दिवसांत अळीचा डास हुतोय, दिवसाढवळ्या चावतोय, आन् लई लांब बी जात न्हाय. पोरगी तुमच्या पाण्यानं आजारी पडली."

नुसतं पाणी काढून भागायचं नाही, अंडी भिंतींना चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात, म्हणून भिंती घासून घ्या, हेही तिनं सांगितलं. अण्णारावांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पंप लागला. रिकाम्या खड्ड्याशेजारी उभ्या अण्णारावांचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर आला, खाली लोकांनी टाकलेले नमस्काराचे हात. भिंतींना कुणी हात लावला नव्हता. आणि फाटक उघडलं म्हणून कल्लप्पाला कामावरून काढलं होतं.

गुरम्मा तारेचा ब्रश घेऊन खड्ड्यात उतरली. बाहेर बोचकं बांधून बसलेला कल्लप्पा उठला.

"सरका अक्का, ती बाजू मी घेतो," एवढंच म्हणून तो शेजारी घासायला लागला. मग पिंपं पालथी करताना तिला सुनावणाऱ्या बायकांपैकी दोघीही खराटे घेऊन आल्या. दुपारपर्यंत चारही भिंती घासून झाल्या.

आरोहीच्या प्लेटलेट्स वाढायला लागल्याचा निरोप आला, तेव्हा कल्लप्पा तिथंच पायरीवर बसून रडला. दवाखान्यातून पोरीला नेणार कुठं, हे त्याला कळत नव्हतं. तिघांनी माझ्याकडंच राहायचं, असं गुरम्मानं सांगून टाकलं.

संध्याकाळी अण्णारावांचा फोन आला. परवानगीशिवाय आत शिरलात, पोलिसांत तक्रार करीन, असं ते म्हणत होते.

"करा की," गुरम्मा म्हणाली. "मी सांगते तितं, खड्डा कुनाचा हाय आन् घासला कुनी."